मालिका संपल्यानंतरचे श्रोते: लोणी काळभोर आणि पुणे परिसरातील सामुदायिक श्रवण-दर्शनाचा इतिहास

एखादी मालिका बंद पडल्यावरही तिचा प्रेक्षकवर्ग पांगत नाही, सुट्टीच्या दिवसांत तो ठरवून एकत्र येतो, मालिकेची उजळणी करतो आणि ती पुन्हा सुरू व्हावी असा आग्रह धरतो, ही प्रथा सामान्यतः अमेरिकेतील मानली जाते. तिचा आरंभ सांगताना जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात शुक्रवार ते रविवार भरलेल्या ‘स्टार ट्रेक’प्रेमींच्या मेळाव्याचा दाखला दिला जातो. अंतराळप्रवासावरील ही मालिका १९६६ मध्ये सुरू झाली, प्रेक्षकांनी चालवलेल्या पत्रमोहिमेमुळे तिला तिसरे वर्ष मिळाले आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर ती थांबवण्यात आली. तरीही अडीच वर्षांनी भरलेल्या त्या मेळाव्याला, काही शेकडा माणसे येतील असा आयोजकांचा अंदाज असताना, ३,००० हून अधिक लोक आले. अमेरिकी इतिहासापुरते हे वर्णन योग्य आहे. प्रक्षेपण थांबल्यावर श्रोत्यांनी मालिका आपल्या हाती घेतल्याचे उदाहरण मात्र महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी घडले होते, आणि ते पुणे आकाशवाणीच्या परिसरात, १९५५ व १९५६ या दोन वर्षांत घडले होते. मराठी सांस्कृतिक इतिहासात या घटनेची नोंद संगीताच्या आणि ग्रामविकासाच्या प्रकरणांत वेगवेगळी विखुरलेली आढळते. श्रोत्यांच्या इतिहासाचा एक सलग भाग म्हणून तिचा विचार फारसा झालेला नाही.

हा इतिहास समजून घेण्यासाठी लोणी काळभोरसारखे गाव सोयीचे ठरते. पुण्याच्या पूर्वेस सुमारे १८ ते २० किलोमीटरवर, पुणे-सोलापूर रस्त्यावर, मुळा-मुठेच्या दक्षिणेस वसलेले हवेली तालुक्यातील हे गाव शहराच्या इतके जवळ आहे की शहरातून निघालेला प्रत्येक आवाज व प्रत्येक चित्र तेथे लवकर पोहोचले, आणि तरीही दीर्घकाळ ते शेतीवर जगणारे गावच राहिले. कालव्याच्या पाण्यावरची बागायत, जवळच थेऊरचा चिंतामणी, पुणे-दौंड लोहमार्गावरचे लोणी स्थानक आणि नंतरच्या काळात आलेली तेलकंपन्यांची साठवण केंद्रे अशी या गावाची ओळख थरांनी वाढत गेली. यांतील सर्वांत जुना थर वारीचा आहे. तुकोबारायांची पालखी देहूहून निघून पुण्यातील मुक्काम आटोपते, तेव्हा पुढचा पारंपरिक मुक्काम लोणी काळभोरचा असतो. या पालखीसोहळ्याचा आरंभ तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये केला असे मानले जाते. ठरलेल्या तिथीला हजारो माणसे येणार, त्यांच्यासाठी जागा करायची, पाणी व जेवण पुरवायचे, रात्री कीर्तन ऐकायचे आणि सकाळी सोहळा पुढे गेला की आपापल्या कामाला लागायचे, ही व्यवस्था या गावाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. गावाजवळच्या रामदऱ्याला राम, लक्ष्मण व सीता यांच्या मूर्ती असलेले, भोवती पाणी खेळवलेले देवस्थान आहे आणि सुट्टीच्या दिवशी तेथे परिसरातील माणसांची गर्दी होते. एकत्र येऊन ऐकणे हे अशा गावांना कोणत्याही यंत्राने शिकवले नाही, आणि पुढे आलेल्या यंत्रांचा येथे झालेला वापर समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या काळी रेडिओ संच महाग होता, तो बाळगण्यासाठी टपाल खात्याकडून वार्षिक परवाना घ्यावा लागे आणि वीज नसलेल्या गावांत तो जड बॅटरीवर चालवावा लागे. त्यामुळे गावातला रेडिओ म्हणजे बहुधा चावडीत, शाळेत किंवा पंचायतीच्या खोलीत ठेवलेला सार्वजनिक संच असे. अशा संचाभोवती माणसे जमत, पण जमलेल्यांनी ऐकलेल्यावर बोलावे, त्यातून निर्णय घ्यावा आणि तो आकाशवाणीला परत कळवावा अशी कोणतीही पद्धत नव्हती. ती घालून देण्याचा प्रयत्न १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून झाला. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘रेडिओ रूरल फोरम’ म्हणतात. मराठीत त्याला ग्रामीण श्रोतृमंडळ म्हणता येईल. या कल्पनेचे मूळ कॅनडात होते. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट शेजाऱ्याच्या घरी जमून आठवड्याचा ठरावीक कार्यक्रम ऐकत आणि त्यानंतर चर्चा करीत, आणि वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा हे त्यांचे सूत्र होते. पुण्याच्या प्रयोगात वाचण्याची अट ठेवणे शक्य नव्हते, कारण सभासदांपैकी अनेकजण निरक्षर होते. त्यामुळे ऐकणे, चर्चा आणि कृती एवढ्यावरच भर राहिला.

या प्रयोगाची आखणी आजही अभ्यासकांना शिकण्यासारखी वाटावी इतकी काटेकोर होती. मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली आणि प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ स्थापून त्याला एक अध्यक्ष व एक निमंत्रक देण्यात आला. निमंत्रकाचे काम बैठक बोलावणे, संच वेळेवर लावणे, चर्चेचे टिपण घेणे आणि ते पुण्याला पाठवणे हे होते. रविवार, १९ फेब्रुवारी १९५६ रोजी पहिला कार्यक्रम प्रसारित झाला आणि दर रविवारी व गुरुवारी संध्याकाळी अर्धा-अर्धा तास याप्रमाणे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम होऊन गुरुवार, २६ एप्रिल रोजी मालिका संपली. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार, पंचायत अशा नित्य गरजांचे होते. मंडळांकडून आलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरे दिली जात आणि ही बाब प्रयोगाच्या केंद्रस्थानी होती, कारण आपण पाठवलेला प्रश्न आपल्याच चावडीतल्या संचातून ऐकू येतो हा अनुभव त्या काळच्या खेड्यातील माणसाला सर्वस्वी नवा होता. तोवर सरकारी आवाज वरून खाली येत असे. या मालिकेत तो पहिल्यांदा दोन्ही दिशांनी चालला.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते आणि ते काम पॉल न्यूराथ यांनी पाहिले. हे व्हिएन्नात वाढलेले, नाझींच्या दाखाऊ व बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ होते. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर, जे स्वतः हिंदीतील मान्यवर नाटककार होते, आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. श्रोतृमंडळ असलेल्या गावांची मंडळ नसलेल्या गावांशी तुलना करून, म्हणजेच ज्याला संशोधनाच्या भाषेत नियंत्रण गट म्हणतात त्याचा आधार घेऊन, त्यांनी दाखवून दिले की मंडळांच्या गावांत माहितीची वाढ ठळक झाली आणि इतर गावांत ती नगण्य राहिली. अहवालातील याहून महत्त्वाचा भाग कृतीचा आहे. अनेक गावांत विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, विक्री संघ व बालवाड्या स्थापन झाल्या. ऐकण्यासाठी जमलेली माणसे दहा आठवड्यांत निर्णय घेणारी माणसे झाली होती. बहुसंख्य मंडळांनी हा उपक्रम कायम व्हावा अशी इच्छा व्यक्त केली, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अहवालातील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे, कारण मुदत संपलेली मालिका पुढे चालावी अशी श्रोत्यांची संघटित मागणी या भूमीवर तेव्हा नोंदली गेली.

ही मागणी अंशतः मान्य झाली. १९५९ मध्ये श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली आणि पुढच्या काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांवर गेली. परंतु संख्या वाढली तसा प्रयोगाचा प्राण असलेला पत्रव्यवहार क्षीण झाला, निमंत्रकांना साहाय्य करणारी यंत्रणा अपुरी पडू लागली आणि स्वस्त ट्रान्झिस्टर संच घरोघर व बांधाबांधावर आल्यावर चावडीत जमण्याचे कारणही उरले नाही. ज्या माध्यमाने माणसांना एकत्र आणले होते त्याचाच आकार लहान झाल्याने ती वेगळी झाली. मंडळे बंद करण्याचा कोणताही ठळक हुकूम निघाला नाही. ती विझत गेली. सभासद जवळजवळ सारे पुरुष होते आणि गावातील स्त्रियांना त्या चर्चेत स्थान नव्हते, ही त्या प्रयोगाची मोठी उणीवही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

त्याच वसंत ऋतूत, त्याच केंद्रावरून, दुसरी एक मालिका समाप्तीकडे चालली होती, आणि तिचा पुढचा इतिहास सर्वस्वी निराळा झाला. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले व सुधीर फडके यांनी संगीत दिलेले गीतरामायण १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी सुरू झाले. आठवड्याला एक गीत अशी योजना होती. शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास नवे गीत प्रथम प्रसारित होई आणि शनिवारी व रविवारी सकाळी ते पुन्हा ऐकवले जाई, म्हणजे आठवड्याचा शेवट त्या गीताने व्यापलेला असे. शके १८७७ मध्ये अधिक मास आल्याने वर्ष लांबले, ५२ गीतांची मूळ योजना ५६ गीतांपर्यंत गेली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला मालिका पूर्ण झाली. ग्रामीण श्रोतृमंडळांचा शेवटचा कार्यक्रम त्यानंतर बरोबर एका आठवड्याने झाला. फडक्यांबरोबर माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, गजाननराव वाटवे, राम फाटक, बबनराव नावडीकर अशा गायकांनी ती गीते गायली. रेडिओ संचाला हार घालणे, त्यापुढे उदबत्ती लावणे, संच असलेल्या घरी शेजारपाजाऱ्यांनी सकाळीच येऊन बसणे या गोष्टी त्या वर्षभर महाराष्ट्रात सर्वत्र दिसल्या. पोथीच्या पारायणाला बसणाऱ्या समाजाने त्याच शिस्तीने रेडिओचे पारायण केले.

मालिका संपल्यावर जे घडले ते या विषयाचे खरे मर्म आहे. १९५७ मध्ये गीते पुस्तकरूपाने आली आणि १९५८ पासून फडक्यांनी त्यांचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. पुढे चार दशकांहून अधिक काळ हे प्रयोग चालले, त्यांची संख्या सुमारे १,८०० सांगितली जाते, आणि २००२ मध्ये फडक्यांचे निधन झाल्यावरही इतर गायकांनी ते थांबू दिले नाहीत. हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू, संस्कृत अशा अनेक भाषांत मूळ चालींवर त्यांची भाषांतरे झाली. मात्र व्यावसायिक प्रयोगांपेक्षाही लक्षणीय गोष्ट अशी की रामनवमीच्या आगेमागे, गणेशोत्सवात, शाळांच्या सभागृहांत, मंदिरांच्या मंडपांत आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांत हौशी मंडळी स्वतः ती गीते बसवू लागली. पेटी, तबला आणि गळा एवढ्या सामग्रीवर मालिकेचा कोणताही भाग कोठेही उभा करता येत होता. त्यासाठी आकाशवाणीची परवानगी, ध्वनिफीत किंवा पुन:प्रसारण यांची वाट पाहावी लागत नव्हती. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांना एकत्र ठेवले ते अमेरिकेतील स्थानिक वाहिन्यांनी सातत्याने दाखवलेल्या जुन्या भागांनी, गीतरामायणाच्या श्रोत्यांना एकत्र ठेवले ते त्यांच्या स्वतःच्या पाठांतराने. श्रोतृमंडळांच्या बाबतीत हे शक्य झाले नाही, कारण त्या मालिकेचे अर्धे अंग पुण्याहून येणाऱ्या उत्तरांचे होते आणि ती उत्तरे थांबताच चर्चा अधांतरी राहिली. एकाच केंद्रावरून, एकाच महिन्यात संपलेल्या दोन मालिकांच्या भवितव्यातील हा फरक दर्जाचा नव्हता. श्रोत्यांच्या हाती काय उरले, यावर तो ठरला.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे, म्हणजे मुंबईचे चित्र ग्रहण करून पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेमुळे, ते पुणे परिसरात दिसू लागले. भारतातील खेड्यांना दूरचित्रवाणीची ओळख करून देणारा उपग्रहीय शिक्षण प्रयोग १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर चालला. तो सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत राबवण्यात आला, परंतु त्यात महाराष्ट्र नव्हता. अमेरिकेकडून मिळालेला उपग्रह वर्ष संपताच माघारी वळवण्यात आला आणि त्या गावांतील संध्याकाळचे मेळावे एका दिवसात संपले. पुण्याच्या पूर्वेकडील गावांचा अनुभव याहून हळूहळू उलगडला. शहरानजीक असल्याने येथे सिंहगडाकडे तोंड करून उभारलेले अँटेना आधी बागायतदारांच्या घरांवर व पंचायतींच्या इमारतींवर दिसले आणि ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम, शनिवार-रविवारचा चित्रपट, ‘गजरा’ आणि ‘छायागीत’ यांच्या वेळेला दाराशी माणसे जमू लागली. चि. वि. जोशी यांच्या पात्रांवरील, दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या भूमिका असलेली ‘चिमणराव’ मालिका त्या काळच्या घरोघरच्या बोलण्यात होती.

या आरंभीच्या मालिकांचा चाहतावर्ग मोठा असूनही त्यांच्या नावाने पुढे मेळावे भरले नाहीत, आणि त्याचे कारण बरेचसे भौतिक आहे. चित्रफिती महाग असल्याने पुसून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत होती. त्यामुळे पहिल्या दशकातील बरेच कार्यक्रम आज पाहावयास मिळत नाहीत. ज्याची पुनर्भेट होऊ शकत नाही आणि जे गाऊनही दाखवता येत नाही, ते प्रेक्षकांच्या आठवणीत एकेकट्याने टिकते. मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या पर्वाची ही हानी भरून न येणारी आहे, आणि तिच्याविषयी जेवढी खंत व्यक्त व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

राष्ट्रीय प्रसारणाच्या मालिकांनी चित्र बदलले. ‘हम लोग’ १९८४ मध्ये सुरू झाली व १९८५ च्या अखेरीस संपली, आणि तिच्या प्रेक्षकांनी पाठवलेल्या पत्रांची संख्या सुमारे चार लाख असल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. दूरदर्शनवर मालिका तेरा भागांच्या पटीत मंजूर होत. ठरलेले भाग संपले की मालिका थांबे किंवा तिला मुदतवाढ मिळे. अमेरिकेत प्रेक्षकसंख्या घटल्यावर वाहिनी मालिका रद्द करते. येथे मालिका रद्द होण्याऐवजी तिची मंजुरी संपत असे, आणि म्हणून प्रेक्षकांचा रोख वाहिनीपेक्षा सरकारकडे असे. याचे सर्वांत मोठे उदाहरण रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे आहे. ती रविवार, २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली, ५२ भागांची योजना मागणीमुळे वाढत ७८ भागांवर गेली आणि ३१ जुलै १९८८ च्या रविवारी ती संपली. मराठी प्रेक्षकांना तिच्यात ओळखीचे चेहरे दिसत होते. कौसल्येच्या भूमिकेत जयश्री गडकर, दशरथाच्या भूमिकेत त्यांचे पती बाळ धुरी आणि भरताच्या भूमिकेत संजय जोग होते.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास रस्ते ओस पडत, संचाला हार घातला जाई, पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढली जात, प्रसाद वाटला जाई. या वर्णनांना देशभरच्या वृत्तपत्रांचा आधार आहे. पुण्याच्या ग्रामीण भागात या सकाळींचे स्वरूप वारी व सप्ताहाच्या सरावातून घडले होते. सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड चालणारे नामस्मरण व पारायण, ज्यात बसण्याची जागा, प्रसाद, पहारे यांची वाटणी गावाने ठरवलेली असते. ज्या घरी संच असे, त्या घराचे अंगण रविवारी त्याच रीतीने सार्वजनिक होई. संच दाराशी किंवा ओट्यावर आणला जाई, लहान मुले पुढे, स्त्रिया एका बाजूस, वडीलधारी माणसे भिंतीला टेकून असे बसणे आपोआप ठरे, आणि वीज गेली तर काळा-पांढरा संच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला जाई. १९५६ च्या श्रोतृमंडळांत नसलेल्या स्त्रिया या मेळाव्यात संख्येने अग्रभागी होत्या. तथापि अंगणात बसण्याची जागा आणि घरात येण्याचा अधिकार जात व आर्थिक स्थिती यांनुसार बदलत असे, आणि रविवारच्या त्या एकत्र येण्याला सरसकट समतेचा नमुना म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

मालिका संपण्याच्या सुमारास जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. वाल्मीकीला आपला पूर्वज व गुरू मानणाऱ्या या समाजाची मागणी होती की रामाच्या राज्याभिषेकाशी कथा थांबवू नये आणि वाल्मीकीच्या आश्रमातील लव-कुशांची कथाही दाखवली जावी. संप इतर शहरांत पसरला आणि सरकारला पुढील भागांची व्यवस्था करावी लागली. ‘उत्तर रामायण’ त्यातून घडले. प्रेक्षकांच्या संघटित कृतीने संपलेली मालिका पुन्हा उभी राहिल्याचे याहून मोठे उदाहरण भारतात नाही. या कृतीमागे आवडीइतकाच मानाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच केवळ चाहत्यांचा हट्ट असे तिचे वर्णन करणे अन्यायाचे ठरेल. २ ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत चाललेल्या ‘महाभारत’ मालिकेने रविवारची तीच वेळ सांभाळली आणि त्यानंतर केबल व खासगी वाहिन्या आल्यावर अंगणातील मेळावा घराघरांत विभागला गेला. ट्रान्झिस्टरने चावडीचे जे केले तेच रंगीत संचाच्या घटत्या किमतीने ओट्याचे केले.

लोणी काळभोरच्या बाबतीत येथे एका समांतर धाग्याचा उल्लेख करावा लागतो. राज कपूर यांची राजबाग ही शेतजमीन याच गावात, नदीकाठी होती आणि ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) या चित्रपटातील गाव तेथे उभारण्यात आले होते. ज्या गावात पडद्यावरचे खेडे प्रत्यक्ष बांधले गेले, त्याला पडद्यामागच्या कारागिरीची ओळख इतर गावांपेक्षा लवकर झाली असणार. २ जून १९८८ रोजी, म्हणजे ‘रामायण’ संपण्याच्या दोन महिने आधी, राज कपूर यांचे निधन झाले. पुढे ही जागा एमआयटी या शिक्षणसंस्थेकडे आली. तेथे राज कपूर यांचे स्मारक व संग्रहालय आहे, चित्रपट व दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी शाखा आहे आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजी उद्‌घाटन झालेले, ज्ञानेश्वरांच्या नावाचे विशाल घुमटाचे सभागृहही आहे. चाहत्यांनी येऊन पाहावे असे स्थळ या गावाला अशा रीतीने लाभले. जिथे चित्रीकरण झाले ती जागा पाहायला जाणे हा मालिकाप्रेमाचा आजचा सर्वांत रुळलेला प्रकार आहे, आणि त्याचा मराठीतील ठळक दाखला सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात मिळतो. ‘रात्रीस खेळ चाले’ या २०१६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचे चित्रीकरण झालेला तेथील वाडा पर्यटकांचे आकर्षण बनला, मालिका संपल्यावरही लोक तो पाहायला येत राहिले, आणि प्रेक्षकांच्या या ओढीचा प्रत्यय मालिकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या पर्वातही आला.

टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ दूरदर्शनवर पुन्हा दाखवण्यात आले आणि १६ एप्रिलच्या एका भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. संख्येने तो प्रेक्षकसमूह प्रचंड असला, तरी त्या दिवसांत एकत्र बसण्यासच मनाई होती, आणि त्यामुळे त्याची गणना मेळाव्यात करता येत नाही. त्याच वर्षी वारीचा पायी सोहळाही झाला नाही व पालख्या वाहनांतून पंढरपूरला नेण्यात आल्या. लोणी काळभोरच्या मुक्कामाची जागा त्या आषाढात रिकामी राहिली.

या साऱ्या इतिहासाचा लेखी पुरावा विषम आहे. १९५६ च्या प्रयोगाचा अहवाल जगभरच्या ग्रंथालयांत आहे, गीतरामायणाच्या ध्वनिमुद्रिका व पुस्तके घराघरांत आहेत; परंतु निमंत्रकांनी चावडीत बसून लिहिलेली टिपणे, पंचायतींनी विकत घेतलेल्या संचांच्या नोंदी, रविवारच्या अंगणांची छायाचित्रे यांची पद्धतशीर शोधाशोध हवेली, दौंड, शिरूर, पुरंदर या तालुक्यांत व्हायला हवी. १९५६ मध्ये वीस वर्षांचा असलेला सभासद आज नव्वदीच्या घरात आहे आणि १९८७ मध्ये अंगणात पुढे बसलेली मुले पन्नाशीच्या आसपास आहेत. ज्यांच्या घरी अशी टिपणे, पावत्या किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती गावच्या शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, गावाचे नाव व साल यांसह, लिहून वा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात.